मस्टरवर नाव आहे का, ते आधी बघ

लेऑफ आणि रिट्रेंचमेंट. ऐरोलीच्या तुमच्या ऑफिसात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात. मोहन्यासारख्या कामगारांच्या गावात चालत नाहीत. इथल्या जुन्या माणसाला ‘लेऑफ लागला’ म्हटलंस तर तो विचारेल, किती दिवसांचा? आणि ‘कमी केलं’ म्हटलंस तर विचारेल, हिशेब मिळाला का? तुझ्या मैत्रिणीला कंपनीचा मेल आलाय आणि ती जो भेटेल त्याला ‘मला लेऑफ केलं’ म्हणून सांगत सुटलीय, असं तू परवा फोनवर म्हणालीस. म्हणून हे सविस्तर लिहून देतोय, बाळ. तिलाही वाचायला दे.

माझी नोकरी सगळी टाइम ऑफिसात गेली, शहाड-आंबिवली पट्ट्यातच. त्यामुळे हे दोन शब्द मला आधी कागदावर दिसले आणि कायदा नंतर कळला. मस्टर म्हणजे भलं लांबरुंद रजिस्टर. डावीकडे तिकीट नंबर आणि नाव, वर १ ते ३१ तारखा. हजर असला की ‘पी’, गैरहजर असला की ‘ए’, साप्ताहिक सुट्टीला ‘डब्ल्यूओ’. माल नाही, वीज नाही, मशिन बसलं, म्हणून माणसाला काम देता आलं नाही तर ‘एलओ’. पान एलओंनी भरून जायचं, पण नाव जागच्या जागी. रिट्रेंचमेंटची ऑर्डर खाली आली की मात्र त्या तारखेपासून पुढचे सगळे रकाने लाल शाईने आडवे कापायचे आणि पुढच्या महिन्याच्या पानावर ते नाव उतरवायचंच नाही. एवढाच फरक आहे, आणि बाकी सगळे फरक त्यातूनच निघतात. तुझी मामी म्हणायची, लेऑफ म्हणजे माहेरी धाडलेली आणि रिट्रेंचमेंट म्हणजे काडीमोड. तुला हे आवडणार नाही, पण लक्षात राहील.

आता नीट ऐक. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात या दोन शब्दांच्या व्याख्या सुरुवातीपासून नव्हत्या. त्या १९५३ साली घातल्या गेल्या. लेऑफ कशाकशाने लागतो ते तिथे मोजून दिलंय: कोळशाची, विजेची किंवा कच्च्या मालाची टंचाई, तयार मालाचा साठा तुंबणं, यंत्र मोडणं, नैसर्गिक आपत्ती, आणि याच्याशी संबंधित दुसरं एखादं कारण. शिवाय एक अट, की माणसाचं नाव मस्टरवर असलं पाहिजे आणि त्याला आधी काढलेलं नसलं पाहिजे. म्हणजे बघ, लेऑफच्या व्याख्येतच लिहिलंय की ही रिट्रेंचमेंट नव्हे. रिट्रेंचमेंटची व्याख्या उलट मोकळी आहे: मालकाने कोणत्याही कारणाने नोकरी संपवली, आणि ती शिक्षा म्हणून नसली, तर ती रिट्रेंचमेंट. स्वखुशीची निवृत्ती, वयाची निवृत्ती, मुदतीचा करार संपणं, असे काही अपवाद तेवढे वगळले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जुना कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली. शब्द तेच राहिले, व्याख्याही जवळजवळ त्याच. त्यामुळे जुनं माणूस सांगतंय म्हणून सोडून देऊ नकोस.

लेऑफमध्ये मिळतं काय? मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचा अर्धा, साप्ताहिक सुट्ट्या सोडून. घरभाडं, प्रवासभत्ता यात धरत नाहीत. समज, कुणाचा बेसिक २०,००० आणि महागाई ४,०००. मिळून २४,०००. पुरा महिना लेऑफमध्ये गेला तर हातात साधारण त्याच्या निम्मे, मग एकूण पगार ३२,००० का असेना. आणि हे बारा महिन्यांत ४५ दिवसांपर्यंत. त्यापुढे काय, ते कामगार-मालक करारात काय ठरलंय त्यावर. ४५ दिवस उलटले की मालकाला रिट्रेंचमेंटचा रस्ताही मोकळा होतो, आणि आधी दिलेली लेऑफची भरपाई तो त्यातून वळती करून घेऊ शकतो. म्हणून लेऑफ लागला की भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक खूण करायची. कंपनी मोजतेच, आपणही मोजायचं.

अट काय, तर एक वर्ष सलग नोकरी झालेली हवी, आणि बारा महिन्यांत २४० दिवस भरले की ते सलग वर्ष धरतात. म्हणून तर टेंपररी पोरांना २४० च्या आधी ‘ब्रेक’ द्यायची चाल पडली. अमक्याला ब्रेक दिला, तमक्याचा ब्रेक संपला, ही भाषा आंबिवली स्टेशनच्या पुलावर तू लहानपणापासून ऐकली असशील, पण त्यामागचा आकडा कुणी सांगितला नसेल. तो हा. आणि दुसरी गोष्ट, लेऑफचे दिवससुद्धा त्या २४० मध्ये धरले जातात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि कंपनीचा माणूस आपणहून सांगत नाही.

लेऑफमध्ये घरी बसून चालत नाही, हे मात्र पोरांना पटत नसे. काम नाही म्हणून कंपनीनेच घरी पाठवलं तर गेटवर कशाला जायचं? जायचं. रोज एकदा, कामाच्या वेळेत, ठरलेल्या वेळी गेटवर तोंड दाखवायचं आणि मस्टरला नोंद करून घ्यायची. नाही गेलं तर त्या दिवसाची भरपाई बुडाली. पाळीच्या वेळेला हजर झाल्यावर दोन तासांत काम मिळालं नाही, की तो दिवस लेऑफचा. पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात या म्हणाले आणि तेव्हा काम दिलं, तर लेऑफ अर्ध्या दिवसाचाच. आमच्या खिडकीशी रांग लागायची ती याच हिशेबासाठी. कुणी भाजीची पिशवी घेऊन, कुणी पोराला शाळेत सोडून. एकजण तर रोज अंघोळ-पूजा करून, गंध लावून यायचा, जसा काही ड्युटीलाच आलाय. मला ते बरोबरच वाटायचं. कायद्याच्या लेखी तो ड्युटीलाच आलेला असे.

आणखी एक मेख. त्याच मालकाच्या जवळपासच्या दुसऱ्या युनिटमध्ये तेवढ्याच पगाराचं, जमण्यासारखं काम देऊ केलं आणि तू नाही म्हणालीस, तर भरपाई नाही. जुन्या कायद्यात ‘जवळपास’ म्हणजे पाच मैल लिहिलेलं. मोहन्याहून पाच मैलांत शहाड आलं, कल्याणही आलं. तेव्हा ‘लांब पडतं’ ही सबब चालत नसे.

रिट्रेंचमेंटचा हिशेब वेगळा. एक महिन्याची लेखी नोटीस, कारण लिहून. नाहीतर त्या महिन्याचा पगार रोख. आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. इथे सहा महिन्यांची गंमत आहे. नोकरी ८ वर्षं ७ महिने झाली असेल तर ९ वर्षं धरायची, ८ वर्षं ५ महिने झाली असेल तर ८. महिना ३०,००० पगाराच्या माणसाचा अर्धा महिना म्हणजे १५,०००. नऊ वर्षांचे १,३५,०००. ग्रॅच्युइटी याच्याशिवाय, नोटिशीचा पगार याच्याशिवाय, शिल्लक रजेचे पैसे याच्याशिवाय. हिशेबाच्या कागदावर ‘सर्व मिळून’ असा एकच आकडा टाकलेला असेल तर सही करायची नाही. फोड करून मागायची, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत. नव्या संहितेत आणखी एक भर पडलीय: काढलेल्या कामगारासाठी पुन्हा कौशल्य शिकायला म्हणून शेवटच्या पगाराचे १५ दिवसांचे पैसे मालकाने निधीत भरायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचे. हीही ओळ हिशेबात शोधायची.

काढायचं कुणाला, यालाही क्रम आहे. त्या कामात जो शेवटी लागला तो पहिला जाणार. क्रम मोडला तर कारण लिहून द्यायचं. पुढे वर्षाच्या आत कंपनीने भरती काढली तर कमी केलेल्यांना आधी विचारायचं. लेऑफमध्ये यातलं काही नसतं, कारण लेऑफमध्ये कुणी गेलेलंच नसतं.

हा शब्दांचा कीस पाडणं आहे असं तुला वाटेल, तर बार्शीची गोष्ट ऐक. मिरज, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी धावणारी बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनी होती. सरकारने ती १९५४ च्या १ जानेवारीपासून ताब्यात घेतली. कंपनीने आपल्या नोकरांना आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, मोकळं केलं. बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासून सरकारी रेल्वेने घेतलंच. कामगारांनी म्हटलं, आमची नोकरी कंपनीने संपवली, कारण काहीही असो, म्हणजे ही रिट्रेंचमेंट झाली, भरपाई टाका. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५६ च्या नोव्हेंबरात निकाल लागला तो कामगारांच्या विरुद्ध. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की रिट्रेंचमेंट म्हणजे चालू धंद्यातून जास्तीची माणसं कमी करणं. धंदाच दुसऱ्याच्या हातात गेला किंवा बंद झाला तर त्याला हा शब्द लागू नाही. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द कायद्यात होतेच, पण मूळ शब्दाचा अर्थ अरुंद धरला आणि भरपाई गेली.

मग संसदेला धावपळ करावी लागली. १९५७ मध्ये दुरुस्ती करून धंदा हस्तांतरित झाला किंवा बंद पडला तरी ‘जणू रिट्रेंचमेंट झाली’ असं समजून भरपाई द्यायची, अशी कलमं घातली, आणि ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून लागू केली. म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शीवाल्यांना त्याचा उपयोग नाही, पण पुढच्यांना झाला. पुढे १९७६ साली स्टेट बँकेच्या एका तात्पुरत्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच अर्थ रुंद धरला, आणि १९९० मध्ये पाच न्यायाधीशांनी ‘कोणत्याही कारणाने’ म्हणजे खरंच कोणत्याही कारणाने, असं पक्कं करून टाकलं. एका शब्दाचा अर्थ ठरायला पस्तीस-छत्तीस वर्षं लागली आणि त्या काळात माणसं निवृत्त होऊन गेली.

मोहन्यात आपल्याला तिसरा आणि चौथा शब्दही ठाऊक आहे, लॉकआउट आणि क्लोजर. इथल्या एनआरसी कारखान्याला २००९ साली टाळं लागलं. गावात सगळे ‘कंपनी बंद पडली’ म्हणतात, पण टाळेबंदी म्हणजे कामाची जागा बंद करणं, आणि क्लोजर म्हणजे धंदाच गुंडाळणं. टाळेबंदीत नोकरी संपत नाही. कागदोपत्री माणूस नोकरीतच असतो, पगार मात्र नसतो. ना इकडचा ना तिकडचा, अशी ही अवस्था वर्षानुवर्षं चालू शकते, आणि थकीत देण्यांसाठी इथल्या कामगारांनी किती खेटे घातले ते मी तुला सांगायला नको, कॉलनीतल्या तुझ्या वर्गमैत्रिणींनाच विचार. एवढंच सांगतो: मोठ्या कारखान्याला लेऑफ, रिट्रेंचमेंट आणि क्लोजर या तिन्हींसाठी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही अट १०० कामगारांपासून होती, आता ३०० पासून. त्यापेक्षा लहान कारखान्यातल्या माणसाला नुसती नोटीस आणि भरपाई, एवढंच कवच उरलं. मला हा बदल आवडलेला नाही. पण माझी आवड विचारतो कोण!

आता तुझ्या मैत्रिणीचं. आयटीत ‘लेऑफ’ हा शब्द आला तो अमेरिकेतून. तिथेही मुळात हा शब्द मोटारींच्या कारखान्यांसारख्या ठिकाणी तात्पुरत्या सुट्टीसाठीच चालायचा, काम आलं की परत बोलवायचे. नंतर तो कायमचं काढण्यासाठी वापरात रुळला. तरी त्यांच्या १९८८ च्या नोटीस-कायद्यात सहा महिन्यांपेक्षा लांबलेला लेऑफच नोकरी गेल्यासारखा धरलाय, म्हणजे जुना अर्थ कागदावर शिल्लक आहे. इंग्लंडात कायमचं काढलं तर रिडंडन्सी म्हणतात, लेऑफ म्हणत नाहीत. आपल्या कायद्याने तात्पुरतं ते लेऑफ, कायमचं ती रिट्रेंचमेंट, अशी सरळ वाटणी केलीय.

आणि गंमत अशी, की लेऑफची ती अर्ध्या पगाराची तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठीच आहे, तीही ५० किंवा जास्त कामगार असतील तर. आयटी ऑफिसला ती लागूच नाही. म्हणजे तुझ्या मैत्रिणीने कितीही लेऑफ म्हटलं, तरी ही भरपाई तिला मिळायची नाही! तिला काढलंय, तेव्हा तिचा शब्द रिट्रेंचमेंट. कोड, टेस्टिंग, सपोर्ट असलं काम हाताने करणारी असेल तर नोटीस आणि वर्षाला १५ दिवस हा तिचा दावा होऊ शकतो. हाताखाली माणसं असतील, त्यांच्या रजा मंजूर करत असेल, तर ‘वर्कर’ या व्याख्येत बसणं अवघड. पण कार्डावर ‘मॅनेजर’ छापलंय म्हणून हातपाय गाळायचे नाहीत. न्यायालय हुद्दा बघत नाही, रोजचं काम काय ते बघतं. आपल्याकडे पूर्वी सुपरवायझर म्हणून नाव देऊन माणसाला मशिनवरच उभं करायचे, तेव्हापासूनचं हे शहाणपण आहे.

तिला मेल आलाय म्हणतेस ना, त्यात शब्द कुठला आहे ते आधी बघायचं. बहुधा लेऑफही नसेल आणि रिट्रेंचमेंटही नसेल. ‘सेपरेशन’, ‘रिलीज’, ‘ट्रान्झिशन’ असलं काहीतरी गुळमुळीत असेल. आणि मग मीटिंगला बोलावून गोड आवाजात सांगतील, की तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील, पुढे त्रास नको. इथे सावध. राजीनामा दिला की रिट्रेंचमेंट गेली, भरपाई गेली, परत घेण्याचा हक्क गेला, कारण राजीनामा म्हणजे मालकाने नव्हे, तिनेच नोकरी संपवली. तिने म्हणायचं, मला काढताय तर काढल्याचं पत्र द्या, मी वाचून उत्तर देते. त्या खोलीत काहीही सही करायची नाही. अगदीच गळ्याशी आलं तर सहीच्या वर ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहून तारीख टाकायची, आणि त्याच संध्याकाळी आपल्या खासगी मेलवरून कंपनीला कळवायचं, काय बोलणं झालं, कोण हजर होतं, किती वाजता. भांडणाचा सूर नको. नुसती हकिकत.

उत्तर लिहिताना ‘मला लेऑफ केलंत’ असं लिहू नये. बोलताना म्हणो, लिंक्डइनवर टाको, परदेशी कंपनीच्या इंटरव्ह्यूला सांगो, तिथे सगळ्यांना तोच अर्थ कळतो आणि त्यात कमीपणाही नाही. पण कंपनीला, कामगार आयुक्तांच्या ऑफिसला किंवा वकिलाला लिहिताना तारीख घालून ‘माझी सेवा संपुष्टात आणली, ही रिट्रेंचमेंट आहे’ असंच लिहायचं. उद्या ठाण्याच्या कामगार न्यायालयात समोरचा वकील तिचंच पत्र काढून विचारेल, बाई, तुम्हीच लेऑफ लिहिलंय ना, मग नोकरी संपली कधी? हे असले प्रश्न मी कानांनी ऐकलेत. साक्षीला मस्टर घेऊन जायचं काम आमच्याकडेच असायचं.

उलट बाजूही सांगतो. तुझ्या चुलत्याच्या पोराला कारखान्यातून ‘एक महिना लेऑफ’ अशी नोटीस लागली, तर त्याने ‘मला काढलं’ म्हणून दुसरीकडे कायमची नोकरी धरायची घाई करू नये आणि गेटवर जायचं थांबवू नये. तो रागाने घरी बसला, तर नोकरी सोडून गेला असं दाखवायला कंपनीला आयतं कारण मिळतं. त्याच्या नावापुढे अजून लाल रेघ पडलेली नाही.

मुदतीचंही बघा. काढल्यानंतर तक्रार करायला पूर्वी तीन वर्षं होती, आता दोनच. ‘आधी दुसरी नोकरी बघते, मग बघू’ यात दोन वर्षं कशी जातात ते कळत नाही.

तिला म्हणावं, रविवारी ये. कल्याणहून कसारा किंवा आसनगाव गाडीने आंबिवलीला उतरायचं, पुढे रिक्षा आहेच. नेमणूकपत्र, कंपनीचा तो मेल छापून, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक घेऊन यायचं. लॅपटॉप परत करायला सांगितला असेल तर त्याआधी हे सगळं आपल्या मेलवर घेऊन ठेवायचं; कंपनीच्या कामाची एकही फाइल मात्र त्यात नको, नाहीतर भरपाई राहील बाजूला आणि चोरीचा ठपका येईल.